गौरीच्या पंगतीत अवियल वाढले तर?

वाचकाचे पत्र

आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी असतात. सासूबाईंचे गुडघे साथ देईनासे झाल्यापासून त्या माझ्याकडे, चिंचवडला बसतात. पूजनाच्या दिवशी पंचवीसेक माणसे जेवायला असतात. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, पंचामृत, कढी, भजी, दोन कोशिंबिरी हा सगळा स्वयंपाक मी आणि धाकटी जाऊ मिळून करतो. गेल्या वर्षी निम्म्या पोळ्या उरल्या. मुले वरणभात आणि भजी खाऊन उठली. सासऱ्यांना मधुमेह आहे, ते पोळीकडे पाहत बसतात. यंदा मुलांनी पास्ता मागितला आहे. जाऊबाई केरळातल्या पालक्काडच्या आहेत. त्यांनी मला एकटीला गाठून, जरा चाचरतच, विचारले की मी अवियल (नारळ-दह्यातली मिश्र भाजी) आणि पायसम (खीर) केले तर चालेल का. मी घरच्या व्हॉट्सॲप समूहावर 'यंदा जेवणात थोडा बदल करू या' एवढेच लिहिले, तर नणंदबाईंचे लगेच उत्तर आले, 'गौरीच्या ताटात असले काही चालत नाही. आईने इतकी वर्षे जे सांभाळले ते मोडू नका.' यजमान म्हणतात, केटररला सांगून मोकळे होऊ. सासूबाई काहीच बोलत नाहीत आणि त्यांचे गप्प राहणे मला सर्वांत जास्त लागते. मी कुलाचार मोडते आहे का? नवे पदार्थ करायचेच असतील तर कुणाचे मन न दुखवता कसे करावेत?

एक थोरली सून, चिंचवड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते, कारण तो तुमच्या मनावर ओझे होऊन बसला आहे असे पत्रावरून जाणवते. तुम्ही कुलाचार मोडत नाही. गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन तुम्ही यथासांग करता, नैवेद्याचा स्वयंपाक स्वतःच्या हाताने करता आणि सासूबाईंनी सोपवलेली जबाबदारी निभावता. पंगतीत एखादा पदार्थ वाढला किंवा कमी झाला म्हणून यातले काहीही मोडत नाही. मात्र तुमच्या पत्रात मुलांचा पास्ता, जाऊबाईंचे अवियल, सासऱ्यांचे पथ्य आणि उरलेल्या पोळ्या हे सगळे 'थोडा बदल' या एकाच शब्दात गोळा झाले आहे. समूहावर तो शब्द वाचणाऱ्या प्रत्येकाने त्याचा आपापल्या धास्तीप्रमाणे अर्थ लावला असणार. या चारही गोष्टींना वेगवेगळी उत्तरे आहेत. काहींना मी मनापासून होकार देईन, एकीला त्या पंगतीत तरी नकारच देईन.

सर्वांत आधी नैवेद्याचे ताट आणि पंगत या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. घाटावरच्या बहुतेक घरांत गौरींच्या तीन दिवसांचे नैवेद्य ठरलेले असतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात तेव्हा भाजी-भाकरी, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन होते तेव्हा पुरणाचा स्वयंपाक आणि मूळ नक्षत्रावर त्या निघतात तेव्हा खीर-कानवले किंवा दहीभात. हा नैवेद्य एका ताटाचा असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे, मध्ये वरणभाताची मूद, त्यावर तुपाची धार आणि तुळशीचे पान, हे ताट तुमच्या सासूबाईंनी जसे मांडले तसेच तुम्ही मांडावे. त्यात स्वतःहून काही घालू नये आणि त्यातून काही काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका ताटापुरत्या सोळा भाज्या करणे अवघड नसते, कारण पुष्कळ घरांत त्या सोळाही एकाच पातेल्यात मिळून शिजतात. खरी दमछाक होते ती पंचवीस माणसांसाठी तेच सगळे त्याच प्रमाणात करताना. ती पंगत हा आतिथ्याचा भाग आहे, आणि जेवणाऱ्या माणसाला काय रुचते व काय पचते याचा विचार करूनच आतिथ्य करायचे असते.

आता नणंदबाईंच्या 'चालत नाही' या शब्दांकडे वळू. महाराष्ट्रभर गौरींचे ताट एकसारखे नाही. कोकणात तेरड्याच्या रोपांची गौर मांडणाऱ्या अनेक घरांत पूजनाच्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण, कुठे कुठे खेकडेसुद्धा, आणि ते लोक ते पूर्ण श्रद्धेने करतात. खड्यांच्या गौरी आणणाऱ्या कोकणस्थ घरांत घावन-घाटले लागते. मराठवाड्यात आणि विदर्भात याच गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, त्यांच्यासाठी ज्वारीची आंबील हवीच आणि वर फुलोरा, म्हणजे तळणीच्या पदार्थांची सजावट, बांधायचा. तेव्हा गौरीला अमुक चालत नाही असे सरसकट म्हणता येत नाही. 'आपल्या घरी करत नाहीत' एवढेच म्हणता येते. पण हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा हलके आहे असे मात्र समजू नका. आपल्या घरी करत नाहीत हे कारण पुरेसे वजनदार आहे. ते शास्त्राचा आधार घेऊन सांगितले गेले की त्यावर वाद होतो, आणि घराच्या आठवणीचा आधार घेऊन सांगितले गेले तर त्यावर बोलता येते, इतकाच फरक.

या वादात हमखास पुढे येणारा एक मुद्दा आहे आणि तो तुम्हाला आधीच कुणीतरी सुचवला असेल. तो असा की आपण ज्याला पारंपरिक म्हणतो त्यातले कितीतरी परदेशातून आले आहे. मुद्दा खरा आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, फरसबी, शेंगदाणा, इतकेच काय सोळा भाज्यांत आवर्जून पडणारा लाल भोपळासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांमधून यांपैकी पुष्कळ गोष्टी आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. गौरींना आपण ज्याचे हार घालतो तो झेंडू मेक्सिकोचा. मिरची येण्याआधी आपल्या आमटीचा तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्यातून येत असे, आणि मिरी तर तुमच्या जाऊबाईंच्या मलबारची. हे सगळे तुम्ही स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी जरूर लक्षात ठेवा. नवा पदार्थ घरात येणे ही आजची गोष्ट नाही आणि तो आल्याने सण भ्रष्ट होत नाही, हे यातून कळते. पण हा मुद्दा नणंदबाईंपुढे मांडू नका. त्या लाल भोपळ्याच्या उगमाबद्दल बोलतच नाहीत. उगमाचा दाखला देऊन तुम्ही त्यांना निरुत्तर कराल, आणि निरुत्तर झालेले माणूस पंगतीत तोंड मिटून जेवते. तुम्हाला तसे जेवण नको आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिले.

त्या कशाबद्दल बोलत आहेत हे पाहायचे तर गौरी कोण आहेत ते आठवावे लागेल. गौरी माहेरवाशिणी आहेत. तीन दिवस माहेरी येतात, आल्या दिवशी साधी भाजी-भाकरी खातात, दुसऱ्या दिवशी त्यांचे कोडकौतुक होते आणि तिसऱ्या दिवशी त्या सासरी परत जातात. तुमच्या नणंदबाई त्याच दिवशी त्याच घरी येतात, आणि त्याही माहेरवाशीणच आहेत. त्यांचे माहेर आता तसे राहिलेले नाही. आईने चूल सोडली, गौरी दुसऱ्या घरी गेल्या, ज्या स्वयंपाकघरात त्या वाढल्या तिथे आज गौरी बसत नाहीत. आईच्या हातच्या कटाच्या आमटीची चव एवढीच एक गोष्ट त्यांना वर्षातून एकदा जशीच्या तशी परत मिळते, आणि समूहावरच्या तुमच्या एका ओळीने तीही जाणार अशी त्यांना भीती वाटली असावी. त्यांनी लिहिले ते कठोर होते हे मान्य, आणि तुम्ही दोन दिवस राबता याची दखल त्यात नव्हती हेही खरे. तरीही मी तुमच्या जागी असते तर त्या कठोरपणाला उत्तर न देता त्या भीतीला उत्तर दिले असते.

म्हणून समूहावर आता एकही अक्षर लिहू नका. नणंदबाईंना फोन करा, दुपारी निवांत वेळी, आणि बदलाचा विषय न काढता त्यांना एवढेच विचारा, "ताई, आईंच्या हातचं असं काय आहे की जे ताटात नसलं तर तुम्हाला गौरी जेवल्यासारखं वाटत नाही?" त्या बहुधा एक-दोन पदार्थच सांगतील, कारण आठवण संपूर्ण ताटाची नसते, ती एखाद्या आमटीची किंवा पंचामृताची असते. ते पदार्थ तुम्ही तसेच ठेवा, आणि पुढे जाऊन त्यांच्याकडूनच चव ठरवून घ्या. गोडा मसाला किती, चिंच किती, कट किती दाट ठेवायचा हे त्यांनी आईला करताना पाहिले आहे. माहेरवाशिणीला कामाला लावू नये हा संकेत पाळाच, त्यांना पुरण वाटायला बसवू नका, पण आमटी उकळत असताना चमचाभर चव घेऊन 'हे आईसारखे झाले' असे म्हणण्याचा मान मात्र त्यांचा असू द्या. एवढे झाल्यावर, त्याच फोनवर किंवा दोन दिवसांनी, जाऊबाईंच्या इच्छेबद्दल सांगा. आपले काही जात नाही याची खात्री पटलेले माणूस दुसऱ्याला जागा द्यायला सहसा नकार देत नाही.

आता जाऊबाईंबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला आणि मुलांच्या पास्त्याच्या रांगेत त्यांच्या अवियलला बसवणे मला पटले नाही. पास्ता ही हौस आहे. अवियल ही एका मुलीच्या माहेरची चव आहे. त्यांच्याकडे ओणमचा सण याच सुमारास येतो. 2024 मध्ये गौरीपूजन 11 सप्टेंबरला होते आणि तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, 15 सप्टेंबरला, 2025 मध्ये पूजन 1 सप्टेंबरला आणि तिरुवोणम 5 सप्टेंबरला. प्रत्येक वर्षी हे अंतर इतके कमी नसते, 2023 मध्ये ओणम ऑगस्टच्या अखेरीस होऊन गेला होता आणि गौरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर बसल्या होत्या, पण जेव्हा ते जवळजवळ येतात तेव्हा काय होते याचा विचार करा. आपल्या घरी केळीच्या पानावर सद्या, म्हणजे ओणमची मेजवानी, मांडली जात असेल हे माहीत असताना ही मुलगी चिंचवडला उभी राहून तुमच्या गौरींसाठी पुरण शिजवत असते. तिने चाचरत विचारले, कारण आपल्या पदार्थाला इथे परका म्हटले जाईल हे तिला ठाऊक होते. गौरी माहेरवाशिणींचा सण आहे असे आपण खरोखरच मानत असू, तर घरातल्या सर्वांत दूरच्या माहेराची आठवण त्या दिवशी पंगतीत येण्याला माझ्या मते हरकत नसावी, उलट ती यावी.

शिवाय पदार्थाच्या बाजूने पाहिले तर अडचण जवळजवळ नाहीच. अवियलमध्ये कांदा-लसूण पडत नाही. सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, कोहळा, पडवळ, गाजर, फरसबी अशा भाज्या बोटभर लांबीच्या चिरून हळद-मिठाच्या थोड्या पाण्यात शिजवायच्या, ओले खोबरे, जिरे आणि हिरवी मिरची जाडसर वाटून त्यात घालायची, वरून आंबटसर दही, आणि शेवटी कढीपत्ता व कच्चे खोबरेल घालून झाकण ठेवायचे. यातल्या निम्म्या भाज्या तुमच्या सोळा भाज्यांच्या यादीतही असतील. तुमच्या सोळा भाज्यांच्या पातेल्याचे ते दक्षिणेतले नातलगच म्हणायला हवे. दुसरा पर्याय हवा असेल तर ओलन करता येईल. कोहळा, चवळी आणि नारळाचे दूध असा तो अगदी सौम्य पदार्थ आहे, लहान मुलेही खातील. एक व्यवहारातली गोष्ट सांगते. ज्यांच्या जिभेला शेंगदाणा तेलाची सवय आहे त्यांना कच्च्या खोबरेलाचा वास पहिल्या घासाला नवखा वाटतो. म्हणून पहिल्या वर्षी पातेले लहान असू द्या, ते पानात उजव्या बाजूला, भाज्यांच्या शेजारी, चमचाभरच वाढा आणि ज्याला आवडेल त्याला पुन्हा वाढा. वाढताना 'हे आमच्या जाऊबाईंच्या गावचे' एवढे म्हणा आणि पुढे जा. समोर उभे राहून 'कसे झाले आहे?' असे कुणालाही विचारू नका, जाऊबाईंनाही विचारू देऊ नका, कारण त्या प्रश्नाने साधी भाजी परीक्षेला बसते. आणि अवियल वाढायचे म्हणून नणंदबाईंनी सांगितलेला पदार्थ वगळला, असे मात्र होऊ देऊ नका. नवे येते ते जुन्याच्या शेजारी बसायला आले पाहिजे, निदान पहिली काही वर्षे तरी.

पायसमचे काय, असे तुम्ही विचाराल. पुरणपोळीच्या दिवशी दुसरे गोड नको, दोन्ही पदार्थांवर अन्याय होतो. पण तिसऱ्या दिवशी गौरींना खिरीचा नैवेद्य असतोच ना? तांदळाच्या अडा (पिठाच्या शिजवलेल्या पातळ पापुद्र्यांचे तुकडे), दूध आणि साखर यांचे पालडा पायसम ही खीरच आहे. त्या दिवशी पाहुणे नसतात, घरची माणसे असतात, निरोपाचा दिवस असतो. ती खीर जाऊबाईंनी त्यांच्या पद्धतीने करावी असे मी सुचवेन. अर्थात ती नैवेद्याच्या ताटात जाणार असल्यामुळे हा निर्णय तुमचा नाही आणि माझाही नाही, तो सासूबाईंचा आहे.

सासूबाईंच्या गप्प राहण्याचा अर्थ मी इथे बसून लावू शकत नाही, पण तुम्हीही परस्पर लावू नका. त्यांना राग आला असेल असे तुम्ही धरून चालला आहात. तितकीच शक्यता अशी आहे की जबाबदारी सोपवल्यानंतर आपण मध्ये बोलावे की नाही हे त्यांना कळत नसेल, किंवा लेक आणि सून यांच्यामध्ये कुणाची बाजू घ्यायची या पेचात त्या असतील. त्यांच्याजवळ बसा, आणि त्यांच्या सासूबाई होत्या तेव्हा गौरींना काय काय होत असे हे विचारा. मला खात्री वाटते की त्या ताटातही त्यांनी स्वतः काहीतरी कमी-जास्त केलेले निघेल, कारण कोणतीही गृहिणी इतकी वर्षे एकच ताट तंतोतंत करत नाही. एखादी भाजी बाजारात मिळेनाशी होते, एखादे तळण डॉक्टर बंद करतात, कुणाच्या तरी माहेरची चटणी कायमची होऊन बसते. हे त्यांच्या तोंडून आले की पुढचा प्रश्न तुम्ही सरळ विचारू शकता, "आई, नैवेद्याचं ताट तुम्ही सांगाल तसंच करीन. धाकटीला पंगतीत अवियल करायचंय आणि तिसऱ्या दिवशीची खीर तिच्या पद्धतीनं करायचीय. तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी खिरीला नाही म्हटले तर यंदा ती करू नका, आणि जाऊबाईंना ते तुम्ही स्वतः समजावून सांगा. दिरांवर किंवा यजमानांवर ते काम ढकलू नका. पायसम मग ओणमच्या दिवशी सगळ्या घराने मिळून खावे, त्याला कुणाच्याच परवानगीची गरज नाही.

मुलांच्या पास्त्याला मात्र मी पूजनाच्या पंगतीत नकार देईन. मुलांच्या आवडीला किंमत नाही म्हणून हा नकार नव्हे. एकाच पंगतीत मोठ्यांना एक आणि मुलांना दुसरे असे वाढले की मुले त्या ताटापासून कायमची सुटतात, आणि पंचवीस जणांच्या स्वयंपाकात तो तिसरा स्वयंपाक पुन्हा तुमच्याच माथी येतो. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येतात, तेव्हा खाण्याला कसलेच बंधन नसते. तेव्हा पास्ता करा, आणि मोठ्या मुलांनी तो स्वतः करावा. दुपारच्या जेवणात त्यांचे मन रमावे असे वाटत असेल तर त्यांना फुलोऱ्याला बसवा. गौरींसाठी वेणी, फणी आणि करंड्याच्या आकाराचे तळणीचे पदार्थ करताना मुलांचे हात छान चालतात, आणि स्वतः वळलेले मूल सहसा चाखल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या पानात पोळी मात्र पूर्ण वाढू नका, चतकोर वाढा. उरलेल्या पोळ्यांचे अर्धे कारण तिथेच आहे.

उरलेले अर्धे कारण असे की पोळ्यांचा आकडा बहुधा अजूनही जुन्या भुकेच्या हिशेबाने धरला जातो. पूर्वी पंगतीत पोळ्या मोजून आग्रह होत असे. आता माणसे एक, फार तर दीड पोळी खातात. पोळ्या लहान आणि पातळ करा. सासऱ्यांनाही अशी एक लहान पोळी साजूक तुपासह इतरांच्या बरोबरीने वाढा. आधी कोशिंबीर आणि सोळा भाज्या पोटभर, मग पोळी, भात थोडाच. गुळाचे आहे म्हणून चालते, असे मात्र कुणी त्यांना सांगू नये, कारण गूळही मुख्यतः साखरच आहे. आणि त्या दिवशी औषधांच्या वेळा कशा ठेवाव्यात हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. त्यांच्यासाठी साखरेऐवजी काहीतरी घालून वेगळे पुरण करू नका. सणाच्या दिवशी वेगळे ताट समोर आले की माणसाला आपण आजारी आहोत याचीच आठवण राहते.

केटररबद्दल यजमान म्हणतात ते मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही, कारण तुमची दमणूक खरी आहे आणि तिच्याकडे निदान त्यांचे लक्ष गेले. पण सगळेच बाहेरून आणले तर नणंदबाईंची आमटी आणि जाऊबाईंचे अवियल दोन्ही एकाच फटक्यात जातील आणि दोघीही दुखावतील. नैवेद्याचे ताट, आमटी आणि पंचामृत घरी करा. पंगतीच्या जास्तीच्या पोळ्या ओळखीच्या घरगुती पोळ्या करणाऱ्या बाईंकडून आणा, कोशिंबिरींची चिराचिरी आणि ताक-कढीचे काम पुरुषांकडे द्या, आणि पुरणयंत्र फिरवण्याचे काम तुमच्या यजमानांनी व दिरांनी करावे. पुरण वाटायला खांद्याचे बळ लागते, आणि ते आजवर घरातल्या बायकांनीच का लावावे याला मला कधीच कारण सापडलेले नाही. पंगतीतून काय कमी करायचे हेही आत्ताच ठरवा. घरातल्या प्रत्येकाला नणंदबाईंना विचारला तोच प्रश्न विचारा. ज्या पदार्थाचे नाव कुणीच घेत नाही तो नैवेद्याच्या ताटापुरता करा, पंगतीसाठी करू नका. बहुतेक घरांत दोन कोशिंबिरींपैकी एक आणि तळणातला एक प्रकार असा निघतो.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तुमच्या पत्रात सर्वांच्या आवडीनिवडी आल्या आहेत. सासूबाईंचे ताट आले, नणंदबाईंची आठवण आली, जाऊबाईंचे अवियल, मुलांचा पास्ता, सासऱ्यांचे पथ्य, यजमानांची सूचना आली. तुमच्या माहेरी गौरींना काय करतात याचा एका शब्दाने उल्लेख नाही. तुम्हीही कुठून तरी आला आहात, तुमची आईही गौरी येण्याच्या संध्याकाळी काहीतरी शिजवत असेल. आवाहनाच्या दिवशीची भाजी-भाकरी हा साधा, घरच्या चार माणसांचा बेत असतो, त्यात मेथी घालतात, कुठे पालेभाज्या मिसळतात, कुणी वरून लसणाशिवायची जिऱ्याची फोडणी देते, कुणी डाळ घालून पातळ करते, आणि या बारीक फरकांवर अजून तरी तुमच्या घरात कुणी हरकत घेतलेली दिसत नाही. सासूबाईंशी बोलायला बसाल तेव्हा त्या दिवशीची भाजी तुमच्या आईच्या पद्धतीने करू का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या, आणि त्यांनी होकार दिला तर आईला फोन करून ती नीट लिहून घ्या.